साडेचोवीस चतुष्पाद

मुलांनो, गोष्टीआधी एक शब्द समजून घ्या. तो न समजता गोष्ट ऐकलीत, तर ती तुम्हांला केवळ विनोदी वाटेल.

शब्द आहे ‘पडताळा’. पुष्कळ जण त्याला ‘ताळा’ म्हणतात. तसे म्हणू नये. ताळा गुणाकाराचा असतो. नऊ टाकीत जावे आणि उरेल ते पाहावे, इतके ते सोपे काम. पडताळा समीकरणाचा असतो. आपल्याला एक शाब्दिक उदाहरण दिलेले असते. त्यात जे माहीत नाही, त्याला आपण क्ष मानतो. समीकरण मांडतो, सोडवतो, क्षची किंमत काढतो. मग ती किंमत जिथून निघाली तिथे परत नेऊन ठेवतो. सगळे जुळले, की पडताळा झाला.

परत नेऊन ठेवायची कुठे, एवढाच काय तो प्रश्न आहे. समीकरणात, असे बहुतेक गुरुजी सांगतात. उदाहरणात, असे फार थोडे सांगतात. या दोन जागांमधले अंतर किती, ते गोष्टीत येईल.

एका जंगलात, जिथे एकच तळे होते आणि कायदे मात्र भरपूर होते, भद्रसेन नावाचा हत्ती राज्य करीत होता. राजा हत्ती असल्यामुळे प्रजेला खाल्ले जाण्याची भीती नव्हती. मोजले जाण्याची तेवढी होती.

उन्हाळ्यात तळे आटत आटत एखाद्या अंगणाएवढे उरे. मग पाळ्या लागत. सूर्य उगवला की चतुष्पादांची पाळी. सूर्य कलला की पक्ष्यांची. कोणाची पाळी किती लांब, हे संख्येवर ठरे. चतुष्पाद जितके अधिक, तितकी त्यांची सकाळ लांब.

पूर्वी आपापली संख्या ज्याने त्याने सांगावी, अशी पद्धत होती. चतुष्पादांचा मुखिया होता धोंडाजी गवा. तो गाभण माद्या दोनदा मोजी. पक्ष्यांची मुखिया होती ठकूबाई टिटवी. ती अंडीही मोजी. दोघेही खोटे बोलत नव्हते. दोघेही फक्त आशावादी होते. त्या आशावादामुळे एका उन्हाळ्यात दोन्ही पाळ्यांची बेरीज दिवसाहून मोठी झाली आणि तळ्यावर शिंगे आणि चोची एकमेकांत अडकल्या.

तेव्हा भद्रसेनाने नवी रीत घातली. आपल्या जातीला आपण मोजायचे नाही. इतकेच नव्हे, तर मोजणाऱ्याने समोर कोण उभे आहे याची दखलच घ्यायची नाही. दखल घेतली, की पक्षपात आला.

रीत अशी होती. सगळ्यांनी उंच, वाळलेल्या गवतात उभे राहायचे. काळतोंडा नावाच्या वानराने झाडाच्या शेंड्यावरून डोकी मोजायची. डोके कोणाचे, हे त्याला दिसे. पण ते सांगण्याची त्याला मनाई होती. नकुळराव नावाच्या मुंगसाने गवतातून हिंडत पाय मोजायचे. त्याच्या कपाळावर पळसाचे पान बांधीत, म्हणजे गुडघ्यांच्या वरचे काही दिसू नये. ज्याला डोकी माहीत त्याने पायांविषयी बोलायचे नाही, आणि ज्याला पाय माहीत त्याने डोक्यांविषयी. मोजणारे स्वतः मोजले जात नसत. राजाही मोजला जात नसे; तो हवे तेव्हा पाणी पीत असे.

दोन आकडे मग आचार्यांकडे जात. आचार्य म्हणजे एक करकोचा. उंच, कृश, स्वच्छ. त्यांचे नाव एकपाद. विचार करताना ते एक पाय पोटाशी घेऊन दुसऱ्यावर उभे राहत, म्हणून हे नाव पडले. जाणकार सांगत, की प्रश्न सोपा असला तर त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर राहतात. जंगलातले बहुतेक प्रश्न त्यांना सोपे वाटत.

त्या उन्हाळ्यात पहिली मोजणी झाली. काळतोंड्याने वरून ओरडून सांगितले, डोकी चाळीस. नकुळरावाने गवतातून बाहेर येऊन पान सोडले आणि सांगितले, पाय एकशे एकोणतीस.

आचार्यांनी तळ्याकाठच्या ओल्या वाळूवर चोचीने लिहिले.

“चतुष्पादांची संख्या क्ष मानू. पक्ष्यांची य मानू. प्रत्येकाला डोके एकच. म्हणून क्ष अधिक य बरोबर चाळीस. चतुष्पादाला पाय चार, पक्ष्याला दोन. म्हणून चार क्ष अधिक दोन य बरोबर एकशे एकोणतीस.”

सर्वांनी माना डोलावल्या. क्ष आला, की जंगलात माना डोलावण्याची प्रथा होती.

आचार्यांनी पहिल्या समीकरणाला दोनाने गुणले. दोन क्ष अधिक दोन य बरोबर ऐंशी. ते दुसऱ्यातून वजा केले. य गेला. दोन क्ष बरोबर एकोणपन्नास उरले.

“क्ष बरोबर साडेचोवीस,” आचार्य म्हणाले. “य बरोबर साडेपंधरा.”

माना डोलता डोलता थांबल्या.

धोंडाजी गवा पुढे आला. तो म्हणाला, की आचार्य, आमच्यात अर्धा कोणी नाही. मागच्या वर्षी एक अर्धा होता, पण तो बिबळ्याने उरवलेला होता आणि तो पाणी पीत नव्हता.

आचार्यांना राग आला नाही. विद्वानांना राग येतो तो त्यांची चूक निघाली तर. त्यांनी शांतपणे पडताळा घेतला. साडेचोवीस चोक अठ्ठ्याण्णव. साडेपंधरा दुणे एकतीस. बेरीज एकशे एकोणतीस. साडेचोवीस आणि साडेपंधरा, चाळीस. दोन्ही समीकरणांच्या दोन्ही बाजू काठोकाठ भरल्या.

“यात चूक कुठे आहे ते दाखवा,” ते म्हणाले.

कोणालाही दाखवता येईना, कारण चूक तिथे नव्हतीच.

“मग या जंगलात एक जीव असा आहे, की तो अर्धा चतुष्पाद आणि अर्धा पक्षी आहे. समीकरण आहे म्हणते. आता फक्त तो ओळखायचा.”

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी सगळ्या नजरा एका जागी येऊन थांबल्या. तिथे तिळवंती उभी होती.

तिळवंती ही चितळाची मादी. दोन पावसाळ्यांपूर्वी शिकाऱ्याच्या फासात तिचा मागचा डावा पाय गेला होता. उरलेल्या तीन पायांवर ती चाले, चरे, वेळ आली तर धावेही. त्या वसंतात तिला एक पाडस झाले होते. पाडस अजून अंगावर पीत होते. पाण्याला तोंड लावायचे त्याला कळत नव्हते.

“अगं बाई,” ठकूबाई टिटवी म्हणाली, “तीन पाय. चार आणि दोन यांच्या बरोबर मधोमध.”

आचार्यांनी वाळूवर चोच टेकली. चारांचे अर्धे दोन. दोनांचे अर्धे एक. बेरीज तीन. त्यांचे डोळे पाणावले. आयुष्यभर क्ष काढणाऱ्याला क्ष असा समोर उभा राहिलेला क्वचितच भेटतो.

“माझा एक पाय गेला आहे, आचार्य,” तिळवंती म्हणाली. “मी हरीण आहे.”

“गेलेला पाय समीकरणात येत नाही,” आचार्य मायेने म्हणाले. “असलेलाच येतो.”

त्या दिवसापासून तिळवंती राजदप्तरी अर्धी हरीण आणि अर्धी पक्षीण झाली.

तुम्हांला वाटेल, की बरेच झाले. अर्धे पाणी सकाळी प्यावे, अर्धे संध्याकाळी. तिळवंतीलाही तसेच वाटले. दुसऱ्या दिवशी ती चतुष्पादांच्या पाळीला पाडसासह तळ्यावर गेली. उतारावर वराहबुवा नावाचा रानडुक्कर पहारा करीत होता. त्याने तिला अडवले.

“बाई, तुमचा हरिणाचा भाग खुशाल आत जाऊ द्या,” तो म्हणाला. “पक्ष्याचा भाग इथे बाहेर ठेवा. पक्ष्यांची पाळी संध्याकाळी असते.”

तिळवंतीने विचारले, की तो भाग कोणता. वराहबुवा म्हणाला, की ते ठरवणे पहारेकऱ्याचे काम नव्हे. मग त्याने आवाज खाली आणून सांगितले, की माझ्या मनात तुझ्याविषयी काही नाही. माझ्या मनात असते, तर काही करता आले असते.

संध्याकाळी पक्ष्यांच्या पाळीला उतारावर रानकोंबडा होता. त्याने तेच सांगितले, उलट बाजूने, आणि अधिक मोठ्याने.

तिळवंती आचार्यांकडे गेली. आपला कोणता अर्धा भाग हरीण आहे, एवढे सांगा, अशी तिने विनवणी केली. पुढचा म्हटलात तर पुढचे पाय सकाळी आत ठेवीन आणि तोंड तिकडेच आहे, असे ती म्हणाली. आचार्यांनी प्रश्न नाकारला. बीजगणित किती ते सांगते, कोणते ते सांगत नाही, असे ते म्हणाले. आणि बीजगणिताकडून जे मिळत नाही ते मागणे हा अडाणीपणा होय, असेही. त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर होते. प्रश्न सोपा होता.

मग तिळवंती पहाटे दहिवर चाटू लागली. रानगवे चिखलात लोळून गेले, की त्यांच्या ठशांत साचलेले गढूळ पाणी ओठांनी टिपू लागली. उन्हाळा वाढला. दहिवर पडेनासे झाले. ठसे कोरडे पडले. पाडस तिच्या कासेला लागे, ढुशा देई आणि मग गप्प उभे राही. ढुशा देणारे पाडस आईला त्रासदायक वाटते. गप्प उभे राहिलेले पाडस काय वाटते, ते तिळवंतीला तेव्हा कळले.

ती राजाकडे गेली. भद्रसेन तळ्यात पाठ भिजवीत उभा होता.

“महाराज, तुम्ही माझ्याकडे पाहा,” ती म्हणाली. “आणि मी कोण ते सांगा.”

भद्रसेनाने मान वळवली. तो दुष्ट राजा नव्हता.

“बाई, पाहिले तर मला तू हरीणच दिसशील,” तो म्हणाला. “म्हणून तर मी पाहत नाही. आज तुझ्यासाठी पाहिले, तर उद्या धोंडाजीसाठी पाहावे लागेल. पाहण्याने काय होते, ते आपण त्या उन्हाळ्यात पाहिले. फेरमोजणी हवी असेल तर माग. तो तुझा हक्क आहे.”

फेरमोजणीने काय होणार, असे तिळवंतीने विचारले नाही. पाय तेच, डोकी तीच. आकडे तेच येणार, हे तिला कळत होते. पण परत जाताना तळ्याच्या काठाला तिला आचार्य दिसले. कसल्याशा सिद्धान्तात ते गढले होते, आणि एका पायावर उभे होते. तिळवंती थांबली. ती त्या एका पायाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने मागे जाऊन फेरमोजणी मागितली.

ठरलेल्या सकाळी पुन्हा सगळे गवतात उभे राहिले. आचार्यही उभे राहिले. उदाहरण सोडवणारा मोजणारा नव्हे, त्यामुळे तेही पक्ष्यांतच मोजले जात. तिळवंती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पाडस तिच्या पोटाखालून डोके बाहेर काढून उभे होते.

काळतोंडा शेंड्यावर चढला. नकुळरावाने कपाळावर पान बांधले. गवत सळसळू लागले. मुंगूस एका टोकाने पाय मोजत येत होता.

“आचार्य, एक शंका आहे,” तिळवंती हलक्या आवाजात म्हणाली.

“विचार.”

“क्षची किंमत निघेपर्यंत क्ष कोणालाच माहीत नसतो. बरोबर?”

“बरोबर. म्हणूनच त्याला अव्यक्त म्हणतात.”

“मग किंमत निघेपर्यंत क्षला तहान लागते का?”

आचार्यांनी उत्तर देण्यासाठी चोच उघडली. तशीच मिटली. प्राचीनांचे मत त्यांनी आठवून पाहिले. प्राचीनांनी यावर काही म्हटलेले नव्हते. त्यांचे डोळे अर्धवट मिटले, मान खांद्यांत गेली आणि त्यांचा उजवा पाय सावकाश वर उचलला जाऊन पोटाच्या पिसांत दिसेनासा झाला.

नकुळराव त्या क्षणी तिथून गेला.

डोकी चाळीस आली. पाय एकशे अठ्ठावीस आले.

आचार्यांना भानावर आणावे लागले. ते वाळूजवळ गेले. एकशे अठ्ठावीस वजा ऐंशी, अठ्ठेचाळीस. दोन क्ष बरोबर अठ्ठेचाळीस. क्ष बरोबर चोवीस. य बरोबर सोळा. पडताळा घेतला. चोवीस चोक शहाण्णव, सोळा दुणे बत्तीस, एकशे अठ्ठावीस. कुठे अपूर्णांक नाही, कुठे अर्ध्यामुर्ध्याचा डाग नाही. आचार्यांनी सुस्कारा सोडला. मागच्या खेपेला नकुळरावाने एक पाय जास्त मोजला असावा, असे ते म्हणाले. नकुळराव म्हणाला, की मला दिसले ते मी मोजले. त्याला सांगण्यात आले, की हीच त्याची चूक आहे.

धोंडाजी गवा मात्र अडून बसला. “आम्ही पंचवीस आहोत. एकेकाचे नाव घेऊन सांगतो. चोवीस कसे?”

“नावांना समीकरणात जागा नसते, धोंडाजी,” आचार्य म्हणाले. “संख्या सोळा पक्षी सांगते. पंधरा तर दिसतातच. सोळावा कोण?”

तिळवंतीच्या पोटाखाली पाडस धापा टाकीत होते.

“मी,” तिळवंती म्हणाली.

ठकूबाई टिटवी हसली. ती म्हणाली, की मग अगं, उडून दाखव की. पण टिटवीने आणखी काही म्हणण्याआधी आचार्यांनीच तिला गप्प केले. ज्याचा पडताळा झाला, त्याला पुरावा लागत नाही, असे त्यांनी बजावले. शिवाय सोळावा पक्षी मिळाल्याने संध्याकाळ जराशी लांबणार होती. ते लक्षात येताच ठकूबाईचे हसू मावळले आणि ‘ताईंचे आमच्यात स्वागत आहे’ असे ती म्हणाली.

तिळवंतीला पाय तीन. पक्षी म्हणून तिचे दोनच धरलेले. आचार्यांना पाय दोन. मोजणीत त्यांचा एकच आलेला. तिचा जास्तीचा पाय आचार्यांची उणीव भरून काढीत होता आणि बेरीज बिनचूक होती. हे जंगलात फक्त एका जिवाला ठाऊक होते, आणि त्याला तहान लागली होती.

सूर्य कलला. तिळवंती उतारावर आली. रानकोंबड्याने बाजूला होऊन वाट दिली. पाडसाला मात्र त्याने अडवले, कारण ते चतुष्पाद होते. तिळवंती एकटी खाली गेली, पुढचे दोन्ही पाय पाण्यात रोवले आणि पिऊ लागली.

जवळच आचार्य उभे होते. एका पायावर. “पक्ष्याने एवढे पिऊ नये,” ते म्हणाले. “पंख जड होतात.” थोड्या वेळाने ते म्हणाले, की तुझ्या शंकेचे उत्तर अजून मिळालेले नाही. तिळवंती पीत राहिली.

अंधार पडताना ती वर आली. पाडस उतारावरच वाट पाहत होते. दूध यायला थोडा वेळ लागला. आले तेव्हा पाडस आधी खूप प्याले, मग बोलले.

“आई, तू पक्षी आहेस?”

“पाण्यापुरती,” तिळवंती म्हणाली.

तात्पर्य

उत्तर अपूर्णांकात आले, म्हणून समीकरण मोडू नये. समीकरण विद्वानांनी मांडलेले असते आणि ते मोडायला फार पाणी लागते. शेजारी उभ्या असलेल्या विद्वानाला एक खरा प्रश्न विचारावा. तो एक पाय उचलील आणि उत्तर पूर्णांकात येईल.

ही गोष्ट हल्ली पुष्कळ ठिकाणी सांगतात आणि शेवट बदलून सांगतात. हुशार हरिणीने मूर्ख करकोच्याची फजिती केली, राजाचे डोळे उघडले आणि तेव्हापासून जंगलात एकमेकांकडे पाहून मोजू लागले, असे म्हणतात. यातले काहीही घडले नाही. करकोचा मूर्ख नव्हता. दोन्ही वेळी त्याचे गणित निर्दोष होते. राजाने त्यानंतरही पाहिले नाही. पुढच्या उन्हाळ्यात गवत वाढले, पळसाचे नवे पान आले आणि तीच रीत चालू राहिली. आणि तिळवंती शेवटी हरीण ठरली, असे जे सांगतात, ते तर साफ चूक आहे. ती हरीण कधीच ठरली नाही. तिला पाणी मिळाले.